डॉमिनंटच्या तारा काळी एकला लावल्यावर

जूनच्या पहिल्या आठवड्यात व्हायोलिनला सिंथेटिक गाभ्याचा सेट चढवला आणि आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणजे बेळगावचा अख्खा पावसाळा, गणपती, कार्तिकातली काकड आरती, थंडी सगळं या तारांनी बघितलंय, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. सेट थोमास्टिक-इनफेल्डचा डॉमिनंट, मीडियम. पण नुसतं चांगला आहे घ्या म्हणून भागणार नाही, कारण आपण ज्या सुरात वाजवतो तो सूर धरून या तारा बनवलेल्याच नाहीत, आणि ही गोष्ट मला दुकानात, ऑनलाइन, व्हिडिओत कुणीच सांगितली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहायलेय.

मी शाळेत शिकवते, वडगावात राहते. व्हायोलिन लहानपणी खानापूरला असताना सुरू केलेलं, मधे पंधरा वर्षं पेटी उघडली नाही, आणि गेली सहा वर्षं परत सरांपुढं जाऊन बसते. सर मूळचे धारवाडचे, घरात कन्नड, आमच्याशी मराठी आणि शिकवताना दोन्ही. मांडी घालून बसून वाजवायचं, गायकी अंग, म्हणजे डी. के. दातार किंवा एन. राजम यांचं व्हायोलिन ऐकलेल्या माणसाला कळेल मी काय म्हणते ते, तार गळ्यासारखी बोलली पाहिजे, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठं तुटली नाही पाहिजे. शनिवारी भजनी मंडळाला साथ, अधूनमधून नाट्यगीतांचा कार्यक्रम. मोठ्या स्टेजवर ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याची गरज वेगळी आणि माझी वेगळी, आणि इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू त्या पहिल्या माणसासाठीच असतात.

आधी स्टीलच्या तारांबद्दल, कारण इकडं नव्वद टक्के लोकांच्या व्हायोलिनवर त्याच असतात आणि त्यांना उगीच नावं ठेवलेली मला आवडत नाहीत. स्टीलची तार चढवली की तासाभरात बसते, पावसाळ्यात हलत नाही, स्वस्त असते आणि गज टेकला की लगेच बोलते. शिकणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षं स्टीलच बरी असं माझं स्पष्ट मत आहे. पण आवाजाला एक कड असते. भजनात टाळ-मृदंग चालू असताना ती कड कामाला येते, पण घरी एकटीनं यमनचा आलाप करताना मंद्रातला पंचम पत्र्यावर नख ओढल्यासारखा यायला लागला की मन खट्टू होतं. आणि स्टीलची तार ताणली जातच नाही फारशी, त्यामुळं खुंटी केसभर हलली की सूर कुठल्या कुठं जातो, म्हणून चारी तारांना फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक मिळवायचे छोटे स्क्रू, लावावे लागतात.

सिंथेटिकमध्ये आत धातूच्या ऐवजी नायलॉनसारख्या बारीक धाग्यांचा गाभा असतो आणि त्यावर अॅल्युमिनियम नाहीतर चांदीची पट्टी गुंडाळलेली. पूर्वी मऊ आवाज पाहिजे तर मेंढीच्या आतड्याची तार लावायची, ती हवेतल्या ओलाव्यानं तासातासाला उतरणार चढणार. आमच्या खानापूरच्या पावसात आतड्याची तार म्हणजे विचारच करायला नको. व्हिएन्नातली ही थोमास्टिक-इनफेल्ड कंपनी १९१९ पासूनची, त्यांनी १९७० मध्ये पेर्लॉनच्या गाभ्याची डॉमिनंट काढली. पेर्लॉन हा नायलॉनचाच भाऊ, जर्मनीत १९३८ मध्ये शोधलेला. आतड्याचा गोडवा बऱ्यापैकी आणि हवामानाची कटकट कमी, हे जमलं म्हणून जगभर ती तार पसरली आणि आजही नवा कुठला सेट आला की तुलना डॉमिनंटशीच करतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, सेट सिंथेटिक म्हटला तरी पहिली तार, म्हणजे ई, ही स्टीलचीच असते. त्यामुळं पाकीट उघडल्यावर ही एक स्टीलची कशी काय आली, फसवलं की काय, असं वाटून घेऊ नका.

फसवणूक वेगळी असते आणि ती मी सोसलीय. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडं एका मोठ्या नावाचा सेट निम्म्या किमतीत दिसला म्हणून मागवला. पाकिटाचं छापकाम धूसर, आतल्या चारही तारांच्या टोकांना एकाच रंगाचा दोरा. खरं तर प्रत्येक तार ओळखता यावी म्हणून टोकाच्या रेशमाचे रंग वेगळे ठेवलेले असतात. तिसरी तार चार दिवसांत वेटोळं सुटून हातात आली. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून ठरवलं की तारा ओळखीच्या वाद्यांच्या दुकानातून बिलासकटच घ्यायच्या. बेळगावात पेटी-तबल्याची दुकानं चांगली आहेत, खडे बाजारात मी जाते तिथले काका फार प्रामाणिक, पण ते स्वतःच म्हणाले ताई हा सेट मी ठेवत नाही, वर्षाला एखादं गिऱ्हाईक, पडून राहून खराब होणार. शेवटी मुंबईहून आत्तेभावानं आणला. पुणे, बंगळूर, मुंबई, जिथं वाद्यं खपतात तिथूनच घ्या, म्हणजे तारा ताज्या मिळतात.

आता मुख्य गोष्ट. पाश्चात्त्य पद्धतीत चौथ्या तारेपासून जी, डी, ए, ई असं लावतात, ए ४४० हर्ट्झला, आणि तारेची जाडी, ताण सगळं हे धरूनच ठरवलेलं असतं. आम्ही लावतो प सा प सा, आणि मंडळातले बुवा काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. म्हणजे बघा, चौथी तार जी वरून अर्धा सूर, म्हणजे पेटीवरची लगतची एक पट्टी, चढून काळी चारला जाते, तिसरी डी वरून अर्धा सूर उतरून काळी एकला, दुसरी तशीच अर्धा सूर उतरून, आणि पहिली ई तार? ती थेट ६५९ हर्ट्झवरून ५५४ वर, तार सप्तकातल्या सा ला. तीन अर्धे सूर खाली.

ताणाचं गणित वर्गाचं असतं, म्हणजे तार तीच ठेवून कंपनं दुप्पट करायची तर ताण चौपट लागतो. तेच उलटं केलं तर अर्धा सूर उतरवला की ताण साधारण ११ टक्के घटतो आणि तीन अर्धे सूर उतरवले की २९ टक्के. चौथीवर उलट १२ टक्के वाढतो. म्हणजे पाकिटातून काढलेला बॅलन्स्ड सेट आपल्या व्हायोलिनवर चढला की बॅलन्स्ड राहतच नाही. चौथी ताठ, पहिली लोळत पडलेली. गज जरा दाबला की पहिली तार शिट्टी मारते नाहीतर नुसतीच घासते, आणि माणूस म्हणतो माझाच हात खराब. मीही तेच म्हणत होते. सरांनी एक दिवस माझं व्हायोलिन हातात घेतलं, पहिली तार बोटानं दाबून बघितली आणि म्हणाले, "बाई, हात चलो ऐती, तार सडिल ऐती." हात चांगला आहे, तार सैल आहे. त्या एका वाक्यानं माझं ओझं उतरलं.

उपाय सोपा आणि स्वस्त निघाला. डॉमिनंट सेटमधली ई बाजूला ठेवली आणि जर्मनीची गोल्डब्रोकाट नावाची साधी स्टीलची ई आहे ती ०.२८ मिलिमीटरची घेतली. ही ०.२५ पासून ०.२८ पर्यंत जाडीत मिळते, आणि पाश्चात्त्य वादकही डॉमिनंटबरोबर ई दुसरी कुठली तरी लावतात ही फार जुनी सवय आहे, त्यात नवं काही नाही. पण ते बहुतेक आवाजाच्या चवीसाठी बदलतात, आपण ताणासाठी बदलायची. ०.२६ च्या जागी ०.२८ घेतली तर त्याच सुराला ताण १६ टक्के वाढतो, कारण तारेचं वजन जाडीच्या वर्गात वाढतं. गेलेले २९ टक्के सगळे परत येत नाहीत, पण तारेत जीव येतो. तार सा वर गज ठेवला आणि तो भरीव, गोल, न किंचाळता आला तो क्षण अजून आठवतो, रात्रीचे साडेनऊ वाजले होते, बाहेर धो धो पाऊस, आणि मी एकच सा पाच मिनिटं लावून बसले होते.

बाकीच्या तीन तारा डॉमिनंटच्याच मीडियम. पाकिटावर जर्मनमध्ये मिट्टेल लिहिलेलं असतं, जाड म्हणजे श्टार्क. मला आधी वाटलं दुसरी-तिसरी पण उतरवतोय तर श्टार्क घ्यावी का, पण अर्धाच सूर खाली आहे आणि माझं व्हायोलिन जुनं, वरची फळी पातळ, तिला जास्त दाब सोसत नाही. एका मैत्रिणीनं दिलेला जास्त ताणाचा महाग सेट पंधरा दिवस लावून बघितला होता, तर चौथी काळी चारला चढवल्यावर सगळ्या वाद्याचा गळा आवळल्यासारखा झाला, खर्ज ऐकूच येईना. तो सेट तिच्या व्हायोलिनवर सुरेख वाजतो. वाद्य वेगळं, बस्स. तुमचा सा पांढरी एक असेल तर गोष्ट आणि वेगळी, तिथं चौथी जी वरच राहते, तिसरी आणि दुसरी पूर्ण एक सूर उतरतात आणि पहिली चार अर्धे सूर. अशा वेळी दुसरी-तिसरी श्टार्क लावून बघायला मी मागंपुढं बघणार नाही.

डॉमिनंट नव्या असताना दोन-चार दिवस आवाजाला धातूची धार असते हे सगळेच बोलतात, आणि तेवढा धीर धरला की ती जाते. पण धार जाण्यापेक्षा तारा बसणं महत्त्वाचं. पहिले तीन दिवस मी दर दहा मिनिटांनी खुंट्या पिळत होते, नायलॉन ताणत राहतो ना. आठवड्यात स्थिर झाल्या. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सिंथेटिक तार कधीही बदलू नका, निदान आठ दिवस हाताशी ठेवा. त्यानंतर मात्र मंद्र आणि मध्य सप्तकात जो आवाज मिळाला त्याला मी मध म्हणणार नाही, दूध म्हणेन, तापवून थोडं आटवलेलं. भूप, यमन, बागेश्रीत तिसऱ्या तारेवरचा षड्ज सोडून खाली धैवतावर यायचं ना, ती जागा पूर्वी मी टाळायची. आता तिथंच घुटमळते.

मींडीबद्दल. वेटोळ्याची पट्टी गुळगुळीत आहे, बोट अडत नाही, स्टीलपेक्षा बोटाच्या टोकाला त्रास कमी. पण दुसऱ्या तारेवरचं अॅल्युमिनियम घामानं झिजतं, हे कुठल्याही कंपनीच्या अॅल्युमिनियमच्या तारेचं असंच आहे, आणि आपल्या वादनात बोट उचलून ठेवण्यापेक्षा घासत नेणं जास्त, त्यामुळं पाश्चात्त्य वादकापेक्षा आपली तार लवकर जाणार हे धरूनच चला. माझी ए तार आठव्या महिन्यात खरखरीत लागायला लागलीय, नख फिरवलं की कळतं. डी आणि जी अजून ठणठणीत. वाजवून झालं की सुती फडक्यानं बोटाच्या जागेचा घाम आणि गजाच्या जागेची राळ वेगवेगळी पुसा, एकच फडकं दोन्हीकडं नको. काही लोक मींडीसाठी बोटाला खोबरेल लावतात, मीही लावायची, ते आता बंद केलं, तेल पसरत गजाच्या जागेपर्यंत गेलं की राळ धरत नाही आणि तार बोलायची बंद होते.

पावसाळ्याचं सांगते. तारा खरंच हलल्या नाहीत फारशा. हलल्या त्या खुंट्या, लाकूड फुगून जुलैत अशा घट्ट बसल्या की दोन्ही हातांनी पिळायला लागत होतं, आणि आता फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात त्याच सुटायला लागल्यात. यात तारेचा दोष नाही, खुंटीला थोडा खडू, थोडा कोरडा साबण, हे प्रत्येकाचं आपापलं तंत्र. पण हवामान आपल्याच जिल्ह्यात किती वेगळं आहे बघा, कणकुंबीकडं भिंतीला बुरशी येते तेव्हा अथणीत लोक ढगाकडं बघत बसलेले असतात, त्यामुळं एकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होईल असं नाही.

आता एक गोष्ट जी मला फार उपयोगी पडली आणि जी साथ करणाऱ्या प्रत्येकानं करून बघावी. आमच्या कार्यक्रमात बुवा काळी एक आणि एक ताई काळी चार. पूर्वी मी चारही तारा हलवायची. मग लक्षात आलं की काळी एकच्या प सा प सा मध्ये चौथी आणि दुसरी काळी चारलाच आहेत, त्यांना हातच लावायचा नाही, फक्त तिसरी आणि पहिली एकेक सूर चढवून काळी दोनला न्यायच्या की काळी चारचं सा प सा प तयार. दोन तारा, दोन मिनिटं. सिंथेटिकवर हे करताना खुंटीला अंदाज येतो, स्टीलसारखी सटकन पुढं जात नाही, तो मोठा फायदा. तोटा असा की चढवलेली तिसरी तार पुढची काही मिनिटं हळूहळू उतरत राहते, म्हणून मी निवेदन चालू असतानाच चढवून ठेवते, थोडी ताणून घेते आणि गाणं सुरू व्हायच्या आधी परत एकदा मिळवते. ०.२८ ची ई पण काळी दोनला छान उभी राहते, उलट तिथं तिचा ताण जास्त बरोबर वाटतो.

दुसऱ्या सेटबद्दल थोडक्यात, कारण सगळे मी महिनोन्महिने वाजवलेले नाहीत. पिरास्ट्रो ही जर्मन कंपनी १७९८ पासूनची, त्यांची टोनिका हीसुद्धा सिंथेटिक गाभ्याची, डॉमिनंटच्याच गटातली, डॉमिनंट मिळाली नाही तर मी बिनधास्त टोनिका घेईन. ऑब्लिगाटो जास्त गडद, आतड्याच्या जवळची, वाद्य मुळात चरचरीत असेल त्यांनी बघावी. इव्हा पिराझ्झी जोरकस, ताण जास्त, मोठ्या हॉलमध्ये एकट्यानं वाजवणाऱ्यांसाठी. डी'अॅडारिओची झायेक्स वेगळ्याच सिंथेटिक धाग्याची, ती हवेला फारशी दाद देत नाही म्हणून कोकणाच्या तोंडाशी राहणाऱ्यांनी विचार करावा. सरांच्या व्हायोलिनवर ऑब्लिगाटो आहे आणि तो आवाज ऐकून माझे पाय निघत नाहीत, पण ते व्हायोलिन आणि ते हात दोन्ही वेगळे. पैशाचं म्हणाल तर साध्या स्टीलच्या सेटच्या कित्येक पट पडतात हे सगळेच, म्हणून अंदाजानं घेऊ नका, आधी एकच तिसरी तार घेऊन लावून बघा, सुटी मिळते. आवाजातला बदल सगळ्यात आधी तिथंच कळतो.

आमची लेक आठवीत, ती शनिवारी वेस्टर्न क्लासला जाते, तिचं व्हायोलिन थ्री-फोर्थ आणि ए ४४० लाच लावलेलं. तिला डॉमिनंटचा सेट जसाच्या तसा लावला, ईसकट, काहीही न बदलता, आणि तो सुंदर वाजायलाय. एकाच घरात एकच सेट दोन पद्धतीनं. फक्त लहान व्हायोलिनला त्याच मापाच्या तारा घ्या, फुल साइजची तार गुंडाळून बसवली तर ताण चुकतो आणि खुंटीच्या पेटीत गुंता होतो.

चढवताना एकेक तार बदला. चारी एकदम काढल्या तर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी आधार, पडते आणि आतला साउंडपोस्ट, म्हणजे दोन फळ्यांमधला लाकडी दांडका, निसटला तर मग मिरजेला नाहीतर पुण्याला कारागीर गाठा. घोडीच्या आणि वरच्या पट्टीच्या खाचेत शिसपेन्सिलीचं टोक घासा, तार अलगद सरकते. प्रत्येक तार ओढताना घोडी खुंट्यांकडं झुकते, ती दोन्ही हातांनी सरळ करत राहा. ०.२८ ची ई घोडीत रुतते, तिथं पाकिटातलं छोटं प्लास्टिकचं नळकांडं किंवा चामड्याचा तुकडा घाला. आणि टेलपीसला, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या तुकड्याला, चारी फाइन ट्यूनर असतील तर सिंथेटिक लावल्यावर ई सोडून बाकीचे तीन काढून टाका, नुसत्या खुंटीवर भागतं, वजन कमी झालं की आवाज मोकळा होतो. मी काढले त्या दिवशी फरक शेजारच्या काकूंनाही कळला, त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं नवीन व्हायोलिन आणलंस काय गं.

मार्चमध्ये ए तार एकटीच मागवणार आहे. डी आणि जी दिवाळीपर्यंत तरी काढायच्या नाहीत असं ठरवलंय. ०.२८ ची ई मात्र तीन एकदम सांगितल्यात, एक माझ्या पेटीत जादा राहील आणि दोन खानापूरच्या मैत्रिणीला, तिचे बुवा पांढरी एकला गातात.